घरच्या हातचा फडा

माझी सून चांगली आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तिला राग यायचा नाही. पण तिनं वाशिमच्या बाजारातून आणलेला तो हिरव्या दांड्याचा प्लास्टिकचा झाडू काही चांगला नाही. तो कचरा काढत नाही, कचऱ्याला नुसतं या खोलीतून त्या खोलीत फिरवून आणतो. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, तुमी फडेवाल्याच्या घरच्या. तुमाले कोनाचाच झाडू पसंत पडनार नाई." बोलली ते खरंच होतं. मग दुपारी चहा झाल्यावर हे लिहायला बसले. आमचे हे ओट्यावरून दोनदा विचारून गेले, "काय लिवून राह्यली?" सांगितलं नाही. यात त्यांचंही नाव येणार आहे, आणि ते काही फार कौतुकानं येणार नाही.

माझं माहेर म्हणजे केनवडच्या अलीकडं, नाल्याच्या काठावरची मोजक्या घरांची वस्ती. बाकीचे लोक कोणाच्या तरी वावरात कामाला जायचे, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे. फडे, म्हणजे शिंदीच्या पानांचे झाडू, बांधणारं आमचं एकच घर. घर कसलं, घर कमी आणि शिंदी जास्त. अंगणात शिंदी वाळत घातलेली, कुडाला शिंदी टेकवलेली, माळ्यावर रचलेली, खाटेखाली पाण्याचा हबका मारून मऊ व्हायला ठेवलेली. त्या घरात कोणाला चोरपावलानं चालताच यायचं नाही. मांजर शिरलं तरी खसखस व्हायची. माय म्हणायची, "या घरात पोरीनं गुयाचा खडा उचलला तरी बापाले ऐकू जाते." जेवणातही शिंदी असायचीच. सकाळी ज्वारीची भाकर, लाल मिरचीचा ठेचा आणि वरून कच्च्या तेलाची धार. आणि मध्येच दातात एक धागा यायचा. बा तो बोटांनी ओढून काढायचा, उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "चांगला हाय. वाया नको घालू." आणि खरंच फड्यांच्या ढिगावर टाकून द्यायचा. माय कपाळावर हात मारायची.

घरात आम्ही चौघं. बा, म्हणजे श्रावण फडेवाला, माय, मी म्हणजे सुभद्रा ऊर्फ सुभी, आणि बाची थोरली बहीण सुंदराआत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिचे हात फणीवर चालायचे आणि जीभ आम्हा सगळ्यांवर. फणी म्हणजे लाकडी पाटावर ठोकलेले खिळे. वाळलेली शिंदीची पानं त्यांच्यातून ओढली की त्यांच्या बारीक काड्या, धागे सुटतात, आणि फडा मऊ पडतो. आत्या ती पानं अशी ओढायची की वाटावं, नवऱ्याकडच्या कोणाचे तरी केस हाती लागलेत. मी शेजारी बसून बांधायची. माझ्यावर तिचं लक्ष असायचंच. "सुभे, फडा बांधून राह्यली का फड्याचा गया दाबून राह्यली?" असं म्हणायची आणि गाठ सोडून परत बांधायला लावायची. त्या दिवसांत मला ती फार छळते असं वाटायचं. आता माझ्या नातीला मी चपात्या लाटायला शिकवते, तेव्हा माझ्या तोंडून अगदी आत्याचाच आवाज निघतो, आणि नात अगदी माझ्यासारखं तोंड करते.

शिंदी कापायला बा आणि मी नाल्यावर जायचो. शिंदीचं झाड दिसायला गरीब, पण झावळीच्या बुडाशी असे काटे की बोटात गेला तर आठवडाभर बापाचं नाव आठवतं. बा लांब बांबूला विळा बांधून वरच्या झावळ्या ओढायचा, मी खाली त्यांचे काटे छाटून मोळी करायची. मधला कोंब आणि त्याच्या भोवतालच्या कोवळ्या झावळ्या यांना मात्र हात लावायचा नाही. कोंब कापला की झाड मेलं. कधी घाईत मी बुटक्या झाडाच्या कोंबाकडं विळा नेला तर बा ओरडायचा, "तुया शेंड्यावर आनू का विळा?" उन्हाळ्यात झाडाला शिंदोळ्या लागायच्या, पिवळ्या-तांबड्या, बोरापेक्षा लहान. बी मोठी, गर नावाला. पण आम्हाला तेच खजूर. लोकांना शिंदीचं झाड म्हटलं की फक्त प्यायची शिंदी आठवते. बाजारात बाला कोणी ना कोणी विचारायचंच, "काय श्रावनभाऊ, आज किती घेतली?" बा म्हणायचा, "मी झाडाचे केस कापतो, रगत नाई पेत." दर बाजाराला तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि दर वेळी हसणारी माणसंही तीच.

आता आमच्या लोकांतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लक्ष्मीपूजनाला नवा फडा आणून त्याला हळदकुंकू वाहतात, हे सगळीकडंच आहे. पण जो घरीच फडे बांधतो त्यानं काय करायचं? आमच्यात म्हण होती, घरच्या हातचा फडा पुजत नाही. आपणच लक्ष्मी बांधायची आणि आपणच तिच्यापुढं हात जोडायचे, हे देवीला खपत नाही म्हणे. परक्याच्या हातचा, विकत घेतलेला फडाच देवापुढं ठेवायचा. फुकट आणलेला चालत नाही, घरच्याचा चालत नाही. त्यामुळं घरात फड्यांचा डोंगर असतानाही बाला दिवाळीच्या बाजारात दुसऱ्याचा फडा विकत घ्यावा लागायचा. आणि तो घ्यायचा पुंजाजीकडूनच.

पुंजाजी आमच्यासारखेच फडेवाले, नाल्यापलीकडच्या वस्तीवरचे. केनवडच्या बाजारात त्यांचं दुकान आमच्या बरोबर समोर. दुकान म्हणजे खाली पोतं, वर फडे. वर्षभर दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे, एकमेकांच्या फड्यांना नावं ठेवायचे, आणि दुपारी बाजारातल्या एकाच चहावाल्या चाचाचा चहा प्यायचे. बाची गाठ वेगळी, पुंजाजीची वेगळी. बा दोरीचं टोक मुरडून आत खोचायचा, गाठ दिसायचीच नाही. पुंजाजी टोक बाहेर ठेवून त्याला दुहेरी फास द्यायचे. जाणत्या बाया फडा उलटा करून बघायच्या आणि म्हणायच्या, हा श्रावणचा, हा पुंजाजीचा. दिवाळीच्या बाजाराला बा पुंजाजीच्या पोत्यापुढं गिऱ्हाईक होऊन उभा राहायचा. एकेक फडा उचलायचा, नाक मुरडायचा. "हा फडा हाय का बकऱ्याची दाढी?" पुंजाजी म्हणायचे, "घ्याचा आसन तं घे, नाई तं तुयाच घरचा पूज, लक्षमी मागच्या दारानं जाईन." भोवती माणसं गोळा व्हायची. भाव फिसकटायचा, जुळायचा, पुन्हा फिसकटायचा. मग पुंजाजी उठून आमच्या पोत्याशी यायचे आणि तोच तमाशा उलटा व्हायचा. मला वाटतं त्या दोघांची खरी दिवाळी तीच होती, घरी लावत असू ते नुसते दिवे.

माझी सोयरीक त्या घरी जुळावी अशी पुंजाजींची इच्छा होती. अक्षय तृतीयेला त्यांनी बाच्या कानावर घातलं, "सुभीले आमच्या उत्तमले देजो." बा म्हणाला, "दिवाई होऊ दे, मंग पाहू." मला मात्र दिवाळीपर्यंत पाहायची गरज नव्हती, मी बाजाराच्या दर खेपेला पाहतच होते. उत्तम म्हणजे आमचे हे. देखणे वगैरे नव्हते, उगाच कशाला लिहायचं. फडे तर इतके वाईट बांधायचे की पुंजाजी ते ढिगाच्या खाली लपवून ठेवायचे. एक बाई तर फडा परत घेऊन आली, त्याच्या निम्म्या काड्या गळून गेलेल्या. पुंजाजी लाजेनं लाल झाले आणि हा पोरगा काय म्हणाला? "मावशी, झाडता झाडता तोबी झडला, मेहनती हाय बिचारा." बाई हसली, मी समोरच्या पोत्यावर हसले, आणि त्यानं मला हसताना बघितलं. आपल्या फजितीवर आपणच पहिला हसणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. आमच्या घरी तर प्रत्येक जण दुसऱ्याच्याच फजितीवर हसायचा. मला तोच नवरा पाहिजे होता. कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनाशी अगदी पक्कं होतं.

आणि त्याच पावसाळ्यात नाला हालला. खरंच हालला. मोठा पूर आला, पाणी आडव्या वाटेनं फुटलं आणि पूर ओसरल्यावर बघतो तर नाल्याची धार नवी. आमच्या काठावरचं शिंदीचं दाट बन पलीकडं गेलेलं. झाडं जिथल्या तिथंच होती, पण नाला आता त्यांच्या अलीकडून वाहत होता. पुंजाजी दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन तिथं हजर. "नाल्याच्या तिकडचं तुयं, इकडचं मायं. आजवर असंच हाय." बा म्हणाला, "झाड कुठी हाललं? नाला हालला. नाल्याले विचार." पुंजाजी म्हणाले, "नाला तं बोलून राह्यला, तुलेच ऐकू येत नाई." वास्तविक ते बन बाचंही नव्हतं आणि पुंजाजीचंही नव्हतं, सरकारच्या जागेतलं होतं. पण हे त्या दोघांना सांगायची कोणाची छाती नव्हती. आत्यानं सांगितलं तर बा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

भांडण पोळ्याला सुरू झालं ते थांबेचना. चाचाच्या चहाला बा आधी आणि पुंजाजी नंतर जायला लागले. त्यातच कामरगावकडचं एक स्थळ चालून आलं. मुलगा जीपवर ड्रायव्हर. पाहायला आला तेव्हा काळा चष्मा लावून आला आणि घरात बसला तरी काढेना. आत्या मला आत येऊन म्हणाली, "पोट्ट्याचे डोये हायेत का नाई ते तरी पाहून घे." पण लोक चांगले होते, आणि मुलगा पगारी होता. बा म्हणाला, "दिवाई झाली का कामरगावले होकार धाडतो." मायनं हळूच विचारलं, "आन पुंजाजीले काय सांगता?" बा म्हणाला, "यंदा मी त्याचा फडा घेत नाई, तो माया घेत नाई. फडाच नाई तं सोयरीक कायची?" मी फणीपाशी बसले होते. हातातली पानं तशीच राहिली. दिवाळीला ते दोघं एकमेकांच्या पोत्याशी गेले नाहीत तर माझं जन्माचं ठरून जाणार होतं, चष्म्यासकट. रडायला जागा शोधली, तर त्या घरात हुंदका दिला तरी खसखस व्हायची. शेवटी नाल्यावर जाऊन रडले.

दिवाळीचा बाजार आला. समोरासमोर दोन पोती, आणि मध्ये रस्ता. बा पुंजाजीकडं पाठ करून बसला होता. पाठ करून बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक दिसत नाही, त्यामुळं विक्री मीच केली. सकाळीच चहावाला चाचा आला आणि एक फडा घेऊन गेला. मी म्हटलं, "चाचा, तुमच्याकडं कधीपासून फडे लागायला लागले? तुमी तं खराट्यानं झाडता." चाचा म्हणाले, "घर के वास्ते, बेटी," आणि मान खाली घालून भराभरा निघून गेले. दुपारी बा चहाला म्हणून उठला आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत दडवून आला. घरी आल्यावर कोणाला हात लावू न देता ते माळ्यावर ठेवलं. मायनं विचारलं, "काय हाय?" बा म्हणाला, "हाय काईतरी." आत्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. आम्हाला दोघींना कळलं होतं. त्यानं चाचाच्या हातून पुंजाजीचा फडा आणवला होता. उघड घ्यायला लाज, आणि न घ्यायचा तर देवीची भीती. माझ्या जिवाला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी आत्यानं न सांगता भांडी घासली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवे लागले. पाटावर लक्ष्मी, लाह्या, बत्तासे, धण्याची वाटी. बानं धुतलेलं धोतर नेसलं, माळ्यावरून पुडकं काढलं, कागद सोडला, फडा पाटापुढं ठेवला आणि कुंकू लावायला वाकला. वाकलेला तसाच राहिला. मग त्यानं फडा उलटा केला. मग सरळ केला. पुन्हा उलटा केला. गाठ दिसत नव्हती. टोक मुरडून आत खोचलेलं होतं. फडा बाचाच होता. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "घ्या! लक्षमी फिरून फिरून माहेरी आली!" बा ओरडला, "त्या चाचानं मले मायाच फडा विकला!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "बा, हा फडा सकायी मीच चाचाले विकला. त्यानं तो तुयासाठी कायले घेतला आसन? त्यानं दोन पुडकी केली आन अदलाबदल झाली. हा पुंजाजीकाकासाठी होता." बा म्हणाला, "म्हंजे?" आत्या म्हणाली, "म्हंजे पुंजाजीबी तुयासारखाच लबाड हाय. त्यानंबी चाचालेच धाडलं. आता त्याच्या पाटापुढं त्याचाच फडा पडला आसन."

बा खाली बसला. चेहऱ्यावर राग होता, पण त्या रागाखाली हसू दाबलेलं होतं, ते मला दिसत होतं. माय म्हणाली, "आता काय करता? बिनफड्याची पूजा?" बा फडा हातात फिरवत राहिला. मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर कधीच नाही. आमच्यात पोरींनी असं बोलायची पद्धत नव्हती. पण मी आत्याच्या हाताखाली वाढलेली, मला कुठली पद्धत? मी म्हटलं, "बा, मी त्याच घरी जातो. कामरगावले मी जात नाई." माय "अगं बाई" म्हणून पदर तोंडाशी घेऊन उभी राहिली. आत्या ठसका विसरली. बा माझ्याकडं बघत राहिला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात बाहेर अंगणात शिंदीवर पावलं वाजली.

"श्रावन! आबे श्रावन! तुया तो चाचा चोर हाय का आंधया?" पुंजाजी होते. नवं धोतर, कपाळाला कुंकू, हातात फडा. कुंपणापाशी उत्तम टॉर्च धरून उभा, आणि टॉर्चचा उजेड भलतीकडंच. बा फडा घेऊनच बाहेर गेला. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, दोघांच्या हातात आपापला फडा. पुंजाजी म्हणाले, "दे तुया इकडं, हा घे माया." बा म्हणाला, "अदलाबदल चालत नाई. इकत घ्या लागते." "मंग भाव सांग." "तू सांग आधी." आणि लागले की दोघं! बा म्हणाला, ही बकऱ्याची दाढी अजून तशीच आहे. पुंजाजी म्हणाले, तुझ्या फड्यानं तर घरात असलेली लक्ष्मीसुद्धा झाडून निघेल. आत दिवे तेवत होते, माय दोनदा तेल घालून आली. शेजारची माणसं दारात आली. व्यवहार झाला, आणि दोघांनी फडे घेतले तेव्हा पुंजाजी जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आन पोरीचं काय? माया घरी उजेड नाई येऊ देत का तू?"

बा म्हणाला, "नाई." पुंजाजींचा चेहरा उतरला. "त्या नाल्यापाई? अरे, घे ते बन तू. मले नाई पायजे." बा म्हणाला, "नाला मसनात जाऊ दे. नाला आज हालला, उद्या परत हालन. पोरगी दिली का तू सोयरा झाला. सोयरा म्हंजे घरचा. तुया हातचा फडा मंग मले पुजत नाई. मंग दिवाईले मी कोनाचा फडा घेऊ? त्या रिसोडच्या फडेवाल्याचा? कोनाशी भांडू?" मी आजपर्यंत माणसांच्या तोंडून प्रेमाच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या, टीव्हीवर तर रोजच ऐकते. पण दोन बाप्यांमधलं इतकं उघडं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. पुंजाजी डोकं खाजवत राहिले. रीत तर दोघांनाही मान्य होती, मोडायची कोणाची हिंमत नव्हती.

मग सुंदराआत्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "दोघाईच्या डोक्यात भुसा हाय. पुंजाजी घरचा झाला, कबूल. पन पोरगी? लगन लागलं का ते या घरची राह्यली कुठी? ते झाली परायी. तिच्या हातचा फडा घे. कोन नाई म्हनते?" बा आणि पुंजाजी एकमेकांकडं बघायला लागले. रीतीत कुठं खोट सापडेना. पुंजाजी मांडीवर थाप मारून हसले, बा हसला, माय रडत हसली, कुंपणापाशी टॉर्च खाली पडला. मीही हसले. कामरगाव टळलं, एवढंच मला ऐकू आलं होतं. काय पण न्याय! पलीकडचे पुंजाजी घरचे झाले आणि घरात जन्मलेली मी परकी. पण त्या संध्याकाळी ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. बत्ताशांचं ताट मीच सगळ्यांपुढं फिरवलं.

लग्न झालं. मी नाला ओलांडला, तो त्या वर्षी पुन्हा काही हालला नाही. सासर चांगलं होतं, म्हणजे तिथंही शिंदी होतीच, खसखसही तीच. फक्त गाठ वेगळी होती. पुंजाजींच्या घरात फडा पुंजाजींच्या गाठीनं बांधायचा, टोक बाहेर, दुहेरी फास. माझे हात ऐकायचेच नाहीत. बोलता बोलता मी टोक मुरडून आत खोचून द्यायची. पुंजाजी रागवायचे नाहीत, गाठ सोडून नुसतं परत द्यायचे. म्हणायचे, "हा तुया बापाले नाई पुजनार, सुभे." आमच्या ह्यांची काही मदत नव्हती. ह्यांना तर एकही गाठ येत नव्हती, ना बापाची ना सासऱ्याची. ते माझ्या शेजारी बसून म्हणायचे, "तू शिकली का मले शिकव." अजून शिकवते आहे.

पहिल्या दिवाळीच्या बाजाराला मी पुंजाजींच्या पोत्यावर बसले. समोर बाचं पोतं, त्यावर आत्या. सकाळभर बा इकडं फिरकला नाही. दुपारी उठला, धोतर झटकलं, रस्ता ओलांडून आला आणि माझ्यापुढं उभा राहिला. मला वाटलं "सुभे" म्हणेल. तो म्हणाला, "कसे देता बाई फडे?" माणसं गोळा झालीच होती, त्यांना वर्षाचा तमाशा बघायचा होता. बानं एक फडा उचलला, नाक मुरडलं, "ही बकऱ्याची दाढी हाय." मला उत्तर पाठ होतं, लहानपणापासून ऐकलं होतं, पण ते राहिलं बाजूला. मी म्हटलं, "तसाच घेऊन जाय ना बा." बा हळूच म्हणाला, "फुकटचा चालत नाई, बाई. भाव सांगा." मग मी भाव सांगितला. चांगला तगडा सांगितला. त्यानं पाडून मागितला. मी थोडी उतरले, तो थोडा चढला. माणसं हसत होती, पुंजाजी पलीकडं तोंड करून बसले होते. पैसे त्यानं माझ्या हातावर ठेवले. बापाकडून मोल घ्यायचं, ते हात पुढं करून घेतलं.

मग त्यानं फडा उलटा केला आणि गाठ बघितली. नुसती बघितली नाही, अंगठ्यानं चाचपली, टोक ओढून पाहिलं, डोळ्यांजवळ नेली. आपल्या हाताचं काही त्यात राहिलं आहे का ते तो शोधत होता. राहिलं असतं तर फडा पुजला नसता, आणि मी तो बांधताना चार वेळा सोडला होता, तो अगदी पुरा परका व्हावा म्हणून. "नाई," बा म्हणाला. "काईच नाई राह्यलं." आणि तिथं, सगळ्या बाजारात, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. मला सांगायचं होतं की बा, सगळं राहिलं आहे, फक्त गाठीतलं काढलं, तेही तुझ्यासाठी. पण तसं बोलले असते तर फडा वाया गेला असता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "घेतला ना भाऊ? मंग सरका जरासे, मागं गिऱ्हाईक उभे हायेत."